उपाशी वाफा

सकाळी साडेसहाला ग्रामपंचायतीच्या कर्ण्यावरून सूचना झाली. "दूत सोडतोय. अर्धा तास कुणी शेतात उतरू नका." हिरडवाडीतल्या बायका नेहमीप्रमाणे बांधावरच थांबल्या. कुणी दगडावर टेकलं, कुणी फोन काढला. शेताच्या कडेला ठेवलेल्या पेटीचं झाकण आपोआप वर गेलं आणि सुपारीएवढे दोन-अडीचशे यांत्रिक परागदूत बारीक किणकिणत काकडीच्या वेलांवर पसरले.

प्रत्येक दूताच्या पोटाखाली मऊ केसांचा झुबका होता. नर फुलात उतरायचं, पराग त्या केसांना लावून घ्यायचा, मग मादी फुलात जाऊन झटकायचा, एवढंच त्याचं काम. घाटमाथ्यावरच्या मधमाश्या एका रोगात गेल्या त्याला चौदा वर्षं झाली होती. तेव्हापासून काकडी, कारलं, भोपळा, सूर्यफूल, सगळं या दूतांच्या भरवशावर चाललं होतं. शाळेच्या आठवीत अकरा मुलं होती. त्यांतल्या एकानंही जिवंत मधमाशी पाहिली नव्हती.

त्या अकरा जणांनी शाळेमागच्या उतारावर लाल भोपळ्याचे तीन वाफे केले होते. विज्ञान शिकवणाऱ्या हर्षला शेलार बाईंनी जुलैतच त्यांना प्रश्न घातला होता, की भोपळ्याला जास्त फळं कशानं धरतात, दूतानं की माणसाच्या हातानं?

"मग वाफ्या-वाफ्यांत फरक कशाचा हवा?" बाईंनी विचारलं होतं.

"पराग कोण नेतं त्याचा. बाकी कशाचाच नाही," उर्वी सपकाळ म्हणाली होती.

"बरोबर. प्रयोगात जे जे बदलू शकतं त्याला चल म्हणायचं. आपण मुद्दाम बदलतो तो एक चल. त्यामुळे जे बदलतं आणि आपण मोजतो, तो दुसरा. बाकीचे जेवढे आहेत तेवढे सारखे धरून ठेवायचे. त्यातला एक जरी निसटला तरी प्रयोग खोटं बोलायला लागतो."

निनाद ढेबे या मुलाला शंका काढल्याशिवाय जेवण जात नसे. नळाजवळच्या वाफ्याला पाणी जास्त मिळेल, तो म्हणाला, म्हणून मुलांनी पाणी मापाच्या डब्यानं घालायला सुरुवात केली. कडेच्या वाफ्याला ऊन जास्त, म्हणून कुठला वाफा कुणाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. बाहेरचे दूत आत येऊ नयेत म्हणून एका वाफ्यावर जाळी घालायची ठरली, तर निनाद म्हणाला, "मग जाळीची सावली एकाच वाफ्यावर पडंल की बाई." शेवटी तिन्ही वाफ्यांवर सारखीच जाळी आली. पहिल्या वाफ्यात जाळीच्या आत दूत सोडायचे, दुसऱ्यात मुलांनी ब्रशनं पराग लावायचा.

"आणि तिसऱ्यात?" कुणीतरी विचारलं.

"तिसऱ्यात कुणी काहीच करायचं नाही."

"मग त्याला फळंच धरायची नाहीत. लावायचा कशाला?"

"काहीच न केल्यावर काय होतं ते माहीत नसेल, तर काही केल्यामुळे काय झालं हे कसं सांगणार?" बाई म्हणाल्या. "याला नियंत्रण वाफा म्हणतात."

मुलांनी त्याला उपाशी वाफा म्हणायला सुरुवात केली. पुढे वहीतही तेच नाव पडलं.

ऑगस्टच्या शेवटी वेल जाळीभर पसरले आणि पिवळीधमक फुलं यायला लागली. मादी फूल ओळखायला सोपं. पाकळ्यांखाली लिंबाएवढा भोपळा आधीच तयार असतो. पराग मिळाला तर तो वाढतो, नाही मिळाला तर चार-पाच दिवसांत पिवळा पडून गळतो. मुलं प्रत्येक मादी फुलाला नंबराची पट्टी बांधत. उपाशी वाफ्यातली पहिली दोन फुलं गळून पडली, तेव्हा वर्गातल्या धाकट्या पूर्वानं विचारलं, "त्याला कळत असंल का, की कुणी येणार नाही म्हणून?"

बाई हसल्या नाहीत. त्यांचे वडील मधपाळ होते. सातेरी माश्यांच्या चाळीस पेट्या त्यांनी सांभाळल्या होत्या आणि रोगाच्या वर्षी एकेक पेटी उघडून, रिकामी बघून, पुन्हा तशीच बंद करून ठेवली होती. मुलांनी खूप वेळा विचारल्यावर बाईंनी एकदा माश्यांचा आवाज काढून दाखवायचा प्रयत्न केला होता. ओठ मिटून त्या थोडा वेळ गुणगुणल्या, मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही. असा नव्हता."

दुसऱ्या वाफ्यात ब्रशचं काम सगळ्यात नीट जमे ते उर्वीला. ती नर फुलातल्या परागाच्या दांड्यावर ब्रश दोनदा फिरवी, मादी फुलाच्या आतल्या चिकट कुक्षीच्या तिन्ही भागांवर हलकेच टेकवी आणि पाकळीलाही धक्का न लावता हात बाहेर काढी. हे तिला आईनं शिकवलं होतं.

उर्वीची आई, श्रावणी, तीन वर्षांपासून कर्नाटकातल्या काचघरांत परागणाचं काम करत होती. काचघरातल्या दमट हवेत दूतांचे केस एकमेकांना चिकटत, म्हणून तिथे माणसांचे हात लागत. हिरडवाडीतल्या नऊ बायका तिथे होत्या. दिवाळीत वीस दिवस घरी यायचं आणि परत जायचं. रविवारी सकाळी फोन यायचा. पडद्यावर आईच्या मागे हिरव्या वेलांची रांगच्या रांग दिसायची. आई बोलता बोलता हात वर करून एखाद्या फुलात ब्रश फिरवायची, आणि उर्वीला त्या फुलाचा राग यायचा.

"तू कधी कायमची येणार?" उर्वीनं मागच्या वर्षी विचारलं होतं.

"माश्या परत आल्या की," आई हसत म्हणाली होती. "मग आम्हाला कोण ठेवून घेतंय?"

आईनं ते सहज म्हटलं होतं. उर्वीनं ते तसं ऐकलं नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी, कर्णा वाजायच्या आधी, ती शाळेमागे आली. उपाशी वाफ्याच्या जाळीची कड दगडाखालून सोडवून ती आत शिरली. तीन नंबरचं फूल नुकतंच उमललं होतं. आईनं दिलेल्या ब्रशनं तिनं त्यात पराग ठेवला. नंतर सात नंबर. पुढच्या दिवसांत नऊ आणि बारा. शाळेत कुणाला फसवावं असं तिच्या मनात नव्हतं. उपाशी वाफ्यात भोपळा दिसला की बाई म्हणतील माश्या आल्या, बाई म्हणाल्या की सगळे मानतील, आणि मग काचघरं बंद होतील. तेरा वर्षांच्या मुलीला हा हिशोब पुरेसा वाटला.

त्यानंतर तिला ताप आला आणि ती तीन दिवस घरीच होती. परत आली तेव्हा वर्ग शाळेमागे जमला होता.

"उर्वे, बघ तरी! उपाशी वाफा पोटुशी राहिला!" पूर्वा ओरडली. तिला ते बोलल्याबद्दल कुणीतरी चिमटा काढला.

जाळीखाली पानांच्या आड भोपळे वाढत होते. एक मुठीएवढा, एक त्याहून थोडा लहान, आणखी दोन नुकतेच फुगायला लागलेले. हर्षला बाई वाफ्याच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी एका भोपळ्यावर तळहात ठेवला होता. उर्वीला वाटलं होतं बाई आनंदानं ओरडतील. बाईंचा चेहरा मात्र दुखतंय पण सांगवत नाही अशा माणसासारखा झाला होता.

वर्गात आल्यावर त्या फळ्याशी उभ्या राहिल्या. "उपाशी वाफ्यात चार फळं धरली. कशामुळे धरली असतील? मनात येईल ते सांगा. हसायचं नाही."

वारा. मुंग्या. चुकून आत शिरलेला दूत. आपोआप. फळ्यावर यादी वाढत गेली. मग मागून निनाद म्हणाला, "माणूस."

बाईंनी तेही लिहिलं.

"आणि मधमाशी," पूर्वा म्हणाली.

बाईंनी खडू फळ्यावर टेकवला, पण शब्द लिहिला नाही. त्या वळल्या. "हे बघा. यातलं शेवटचं खरं असावं असं मला फार वाटतंय. तुम्हाला कल्पना नाही इतकं वाटतंय. म्हणून या वर्गात सगळ्यात वाईट निरीक्षक मी आहे. आजपासून नोंदी निनाद ठेवेल. मी हात लावणार नाही." आणि मग त्यांनी तो शब्द लिहिला.

पुढचे दोन आठवडे मुलांनी यादीतलं एकेक नाव तपासलं. प्रत्येक दूत कुठल्या फुलावर बसला याची नोंद पेटीत आपोआप होत असे. ती काढून पाहिली. एकही दूत वाट चुकला नव्हता. काचेच्या पट्ट्यांना व्हॅसलिन लावून त्या उपाशी वाफ्यात टांगल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. धूळ होती, भोपळ्याचा पराग नव्हता, कारण तो जड आणि चिकट असतो, वाऱ्यावर उडत नाही. फळ परागाशिवाय आपोआप फुगलं असेल तर आत बी भरणार नाही, असं बाईंनी सांगितलं, म्हणून तीन नंबरचा भोपळा कापला. आत बी भरलेलं होतं. निनादनं मोजून लिहिलं, भरलेल्या बिया एकशे एकतीस.

या सगळ्यात उर्वी होती. काचेच्या पट्टीला व्हॅसलिन तिनंच लावलं होतं. एकेक नाव फळ्यावरून पुसलं जाई तेव्हा ती वहीत मान घाली.

रविवारी फोन आला तेव्हा तिला राहवलं नाही. "आई, आमच्या शाळेत माश्या आल्यात असं वाटतंय. बिनपरागाच्या वाफ्यात फळं धरली."

आईचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग ती पडद्याबाहेर बघून ओरडली, "अगं ए, इकडं या! हिरडवाडीत माश्या आल्या!" चार-पाच बायकांची तोंडं पडद्यात गर्दी करून आली. कुणी विचारलं, सातेरी का आग्या? एक म्हातारी बाई डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. आई परत पडद्यासमोर आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

"पुढच्या वर्षाच्या करारावर शुक्रवारी सह्या आहेत गं. मी मुकादमाला सांगते, की मी न्हाई करत. ह्या दिवाळीला आले की आलेच."

उर्वीनं तीन वर्षं या वाक्याची वाट बघितली होती. फोन ठेवल्यावर मात्र ती पुन्हा हिशोब करत बसली. आईनं सही केली नाही आणि माश्या नसल्याच, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल. दुधाचा टेम्पो चालवणारे बाबा तर आत्तापासूनच, माळ्यावरचा पाळणा खाली काढून पुसावा का असं गमतीनं म्हणत होते. त्या चार-पाच बायकांपैकी किती जणी सही करणार नव्हत्या, कुणास ठाऊक.

सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आधी ती बाईंकडे गेली. बाई वाफ्यांजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातात चहाचा कप होता, आणि कान कुठेतरी लागलेला होता.

"बाई, ते मी केलं."

बाईंनी मान वळवली.

"ब्रशनं. सकाळी येऊन. आईचा ब्रश." शब्द संपले आणि मग ती रडायला लागली.

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी तिला जवळ ओढलं नाही आणि रागावल्याही नाहीत.

"गेले पंधरा दिवस मी सकाळी रेडिओ लावत नाही," त्या म्हणाल्या. "चहा घेताना मागचं दार उघडं ठेवते. म्हटलं, चुकून कानावर काही पडलं तर." त्या थांबल्या. "कशासाठी केलंस?"

"आई येईल म्हणून."

बाईंनी यावर काही विचारलं नाही. हिरडवाडीत ते कुणाला समजावून सांगावं लागत नसे. "वही आण," त्या म्हणाल्या.

उर्वीला वाटलं, आता नाव कमी करणार. बाईंनी मात्र वहीचं नवं पान उघडून पेन तिच्या हातात दिलं. "कुठल्या फुलाला, कोणत्या दिवशी, किती वाजता. सगळं लिही. झालेली चूक लिहून ठेवली तर प्रयोगाला निदान काय झालं ते कळतं. लपवली तर गेल्या तीन महिन्यांत अकरा जणांनी घातलेलं पाणीसुद्धा वाया जातं."

उर्वीनं लिहिलं. तीन नंबर, सात नंबर, नऊ नंबर, बारा नंबर. प्रत्येकापुढे तारीख घातली, आणि खाली, 'मी पराग ठेवला,' असं लिहून पूर्ण नाव.

वर्गात तिनं ते पान स्वतः वाचून दाखवलं. पूर्वाला रडू फुटलं. काही जण रागावले, आणि ते बोलूनही दाखवलं. निनाद स्वतःच्या नोंदींची पानं पुढेमागे करत होता. मग त्यानं हात वर केला.

"बाई, बारा नंबर गळून पडलाय."

"म्हणजे?"

"उर्वीनं बाराला पराग ठेवला, पण तो धरला न्हाई. सव्वीस तारखेला गळाला. फळं धरली ती तीन, सात, नऊ," त्यानं बोट पानावर टेकवलं, "आणि चौदा."

उर्वीनं डोळे पुसले. "चौदाला मी हात लावलेला नाही."

"चार फुलं तू हाताळली, चार फळं दिसली. आपण सगळ्यांनी नुसते चार मोजले," निनाद म्हणाला. "नंबर कुणी जुळवलेच न्हाईत."

सगळा वर्ग मागे धावला. पानं बाजूला करून पट्टी उलटी केली. चौदाच होता. फूल उमललेली तारीख तिच्यावर निनादच्याच अक्षरात होती. बाईंनी हजेरीपट मागवला. त्या दिवशी उर्वीच्या नावापुढे गैरहजर होतं, आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. ती तापानं अंथरुणात होती.

"मग कोण?" पूर्वानं हळूच विचारलं.

बाईंनी प्रत्येकाला एकेकटं बोलावून विचारलं. सगळे नाही म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी वर्गाला सांगितलं, "सगळे नाही म्हणताहेत. माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण विश्वास हा पुरावा नाही, हे आज आपण शिकलो. मुंगीही असू शकते."

त्यांचा आवाज अगदी शांत होता. खडू मात्र त्यांच्या बोटांत मोडला होता.

जाळीतून दूत जाणार नाही एवढीच भोकं तिला होती. माशी सहज गेली असती. माश्याच नाहीत तर त्यांचा विचार कोण करणार, म्हणून जुलैत कुणी तो केला नव्हता.

आईला खरं सांगायचं काम उरलं होतं. बाईंनी मधल्या सुट्टीत स्वतःच्या मोबाइलवरून फोन जोडून दिला आणि वर्गाबाहेर जायला निघाल्या. उर्वीनं त्यांचा हात धरून थांबवलं.

आई काचघराच्या दारात उभी होती. उर्वीनं सगळं सांगितलं, आधी ब्रशचं, मग ते कशासाठी केलं ते. आई ऐकत होती. तिचा चेहरा आधी पडला, मग कडक झाला, मग पुन्हा आधीसारखा झाला.

"असं करतात व्हय गं," ती एवढंच म्हणाली. मग तिनं दाराला टेकून घेतलं. "म्हंजे मी सही करायची."

"आई, पण एक फूल आहे. चौदा नंबर. ते मी केलं नाही. कुणी केलं ते आम्हाला माहीत नाही."

"ते कापलं का?"

"नाही. तेवढं एकच आहे म्हणून ठेवलंय."

"काप," आई म्हणाली. ती आता वेगळ्याच आवाजात बोलत होती, जसं कामावर बायकांशी बोलत असेल तसं. "आणि बिया मोज. बाई आहेत का तिथं?"

"आहे, बोला," बाई पुढे आल्या.

"बाई, मी तीन वर्षं हेच करतीय. भोपळे, खरबूज, सगळं. आमच्याकडं नमुन्याची फळं फोडून बिया मोजतात, कुणाचा हात कसा चाललाय ते बघायला. ब्रशनं कितीबी जपून करा, भोपळ्यात दोनशेच्या वर भरीव बी मी कधी बघितलं न्हाई. ब्रश एकदाच टेकतो. माशी पुन्हा पुन्हा येती, सगळ्या अंगानं फिरती. जुन्या बायका सांगतात, त्यांच्या लहानपणी भोपळा फोडला की बी मावत नसायचं."

"हे मला सुचायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

फोन बाकावर उभा करून ठेवला आणि बाहेरची मुलं आत बोलावली. चौदा नंबरचा भोपळा आणला. तो लहानच होता, पण सगळ्या बाजूंनी सारखा गोल होता. बाईंनी सुरी निनादच्या हातात दिली. "मी हात लावणार नाही म्हटलंय."

भोपळा फुटला. आत कोवळ्या पांढऱ्या बियांची दाटी होती. निनादनं ताटात गर काढला, पूर्वानं भरीव आणि पोचट बिया वेगळ्या केल्या आणि उर्वी दहा-दहाचे ढीग लावत गेली. पोचट म्हणजे बोटात धरलं की चपटी पडणारी. त्या फार थोड्या निघाल्या. शंभर झाल्या. दीडशे झाल्या. दोनशेचा ढीग लागला तेव्हा वर्गातलं कुणी हलत नव्हतं. पडद्यावर आईच्या मागे काचघरातल्या बायका एकेक करून येऊन उभ्या राहिल्या होत्या.

दोनशे सत्त्याऐंशी.

निनादनं पुन्हा मोजल्या. पुन्हा दोनशे सत्त्याऐंशी.

पूर्वानं टाळी वाजवायला हात उचलले आणि बाईंकडे बघून खाली घेतले. बाई खिडकीशी गेल्या होत्या, पाठमोऱ्या. त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं त्या वळल्या तेव्हा डोळे लाल होते, पण त्या नेहमीसारख्याच फळ्याशी आल्या.

"एक फळ," त्या म्हणाल्या. "एका फळावरून काय सिद्ध होतं?"

"काहीच न्हाई," निनाद म्हणाला.

"मग काय करायचं?"

उर्वीनं हात वर केला. सगळे तिच्याकडे बघायला लागले तरी ती उभी राहिली. "उपाशी वाफ्यातल्या निम्म्या मादी फुलांना आदल्या संध्याकाळीच मलमलीच्या पिशव्या बांधायच्या. निम्मी उघडी. कुठली कुठली ते चिठ्ठ्या टाकून. पिशवीतल्या फुलाला मुंगीपण जाणार नाही, माशीपण नाही. उघड्यांच्या देठांना खाली चिकट पट्टी, म्हणजे मुंगी चढणार नाही." तिनं वर्गाकडे बघितलं. "आणि सकाळी आपण सगळ्यांनी लांब बसायचं, एकमेकांना दिसू असं. मला मधोमध बसवा."

बाई फळ्यावर लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मान हलवली.

"शुक्रवारच्या आत होईल का ते?" आईनं फोनवरून विचारलं.

फूल उमलायला आणि धरलं की गळलं हे कळायला निदान आठवडा हवा होता. बाई फोनजवळ आल्या.

"श्रावणीताई, मी तुम्हाला सही करू नका असं सांगू शकत नाही. मला सांगावंसं वाटतंय, म्हणूनच सांगणार नाही."

"मला समजलं बाई," आई म्हणाली. तिनं मागे वळून बायकांकडे बघितलं, कुणाशी तरी दोन शब्द बोलली. "मी मुकादमाला सांगते, वर्षाची न्हाई, तीनच महिन्यांची सही करते. लावून धरते. तेवढ्यात तुम्ही पुन्हा करा. नीट करा. आणि उर्वे, माझ्यासाठी म्हणून करू नको. कळलं?"

"हो."

"खरं काय असंल ते सांग. न्हाईत तर न्हाईत. मी दिवाळीला येतेच वीस दिवस."

उर्वीनं मान डोलवली. पडद्यावर तिची डोललेली मान आईला दिसली असेल की नाही, कुणास ठाऊक, कारण काचघराच्या दारातून ऊन थेट आईच्या फोनवर पडत होतं. आई तिथून हलली मात्र नाही. तिच्या मागच्या बायकाही हलल्या नाहीत. त्यांच्या पाठीमागे अजून हात न लागलेली फुलं रांगेनं वाट बघत होती आणि त्यांच्या कामाची वेळ होऊन गेली होती.

"पोरी," ती म्हातारी बाई मागून पुढे झुकून म्हणाली, "पुढचं फूल कधी उमलायचंय?"